खराब पिल्लांचा डबा

२ मार्च

प्रिय बेडूकबाई,

फोन करू नकोस. फोनवर मी रडते आणि तू गप्प बसतेस. मग दिवसभर मला तुझं ते गप्प बसणंच ऐकू येत राहतं. कागदावर तुला निदान काहीतरी लिहावं लागेल.

टिल्लू आज तेवीस दिवसांचा झाला. मागच्या सोमवारी त्याला हॉस्पिटलात नेलं. दोन्ही पावलांवर आणि पाठीवर फोड आले होते, अंगठ्याच्या पेराएवढे, पाण्याने टम्म भरलेले. एक फुटला तेव्हा खाली ओलं लाल मांस दिसलं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंघोळ कोण घालतं? म्हटलं, मी. पाणी कोण काढतं? मीच. तेव्हा घरात आणखी कोण होतं? कोणी नाही, हे कामावर जातात. त्या प्रत्येक उत्तर लिहून घेत होत्या आणि मला वाटत होतं, औषध ठरवायला विचारताहेत. मी आपली हौसेने सांगत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कातडीचा एक तुकडा काढला. तिसऱ्या दिवशी दोन बायका आल्या आणि मला कागद दिला. भाजल्यासारख्या खुणा. बालकल्याण समितीसमोर पंधरा एप्रिलला सुनावणी. टिल्लू माझ्याकडे परत द्यायचा की दुसऱ्या घरी सोपवायचा, ते तेव्हा ठरेल. तोवर तो हॉस्पिटलात राहील. मला रोज चार ते पाच काचेतून बघता येईल. खाली लिहिलंय, हात लावायचा नाही. मी दूध काढून बाटली खिडकीत ठेवते, नर्सबाई ती उचलतात. बँकेत पासबुक सरकवतात तसं.

तू सहा वर्षं बेडकांच्या कातडीवर काढलीस. घरात आपण किती हसलो त्यावर. आता हसत नाही. हे काय आहे ते मला सांग. मी त्याला भाजवलेलं नाही.

तुझी
ताई


६ मार्च

प्रिय ताई,

पत्र काल मिळालं. उत्तर देण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

एक, पाणी किती गरम होतं? हाताने पाहिलंस की थर्मामीटरने? दोन, पहिला फोड नेमका कधी दिसला, आणि अंघोळीनंतर किती तासांनी? तीन, पावलांवरच्या फोडांची कड सरळ रेषेत आहे का? पाण्यात पाय बुडाल्यावर मोजा घातल्यासारखी रेषा येते. चार, पहिला फोड येण्याआधी त्याला ताप होता का? पाच, काढलेला तुकडा कोणत्या द्रवात ठेवला?

मी डॉक्टर नाही. मी बेडकाच्या भ्रूणात कातडी तयार होत असताना कोणतं जनुक कुठे आणि कधी जागं होतं ते बघते. तिथून माणसाच्या मुलापर्यंत उडी मारणं बरोबर नाही. मी तशी उडी मारली तर ती तुझ्याच विरोधात वापरली जाईल.

मला लगेच निघता येणार नाही. दोन दिवसांचा प्रवास आहे, आणि मंगळवारी नवी अंडी येताहेत.

धाकटी


११ मार्च

प्रिय बेडूकबाई,

तुझं पत्र वाचून मी आधी पाकिटावरचा पत्ता बघितला. वाटलं, समितीचंच पत्र आलं की काय.

तर घे उत्तरं. कोपराने पाहिलं, थर्मामीटर नव्हता. पहिला फोड डाव्या टाचेवर, तो नऊ दिवसांचा असताना, आणि त्या दिवशी अंघोळ घातलीच नव्हती, कारण त्याच्या बापाला सर्दी होती आणि मला वाटलं बाळाला बाधेल. रेषा नाही. ताप नाही. कोणत्या द्रवात ते मला कोण सांगणार? मी आरोपी आहे.

आता तू न विचारलेलं सांगते. काल खिडकीतून बाटली घेताना नर्सबाई हळूच म्हणाल्या, "बाई, सलाइनची चिकटपट्टी काढली तर खालची कातडी पट्टीबरोबर आली. मी तीस वर्षं पट्ट्या काढतेय, असं बघितलं नाही." त्यांनी हे वहीत लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी शेजारी लिहिलं, "पट्टीची अॅलर्जी." म्हणजे माझ्या हातून झालं तर भाजलं, त्यांच्या हातून झालं तर अॅलर्जी.

हे गेले दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. परवा मी बादलीत पाणी काढत होते, तर हे दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, कपडे धुतेय, या, हात घालून बघा. गेले निघून.

आई गेली तेव्हा सगळे रडत होते आणि तू तिच्या सुजलेल्या बोटाला साबण लावून अंगठी काढत होतीस. हात जरा थरथरला नाही तुझा. तेव्हापासून मी चारचौघांत तुला टोमणे मारत आले. आता अशा कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, ज्याचा हात थरथरत नाही. म्हणून लिहितेय. प्रश्नपत्रिका पाठवू नकोस.

ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

पट्टीची गोष्ट महत्त्वाची आहे. त्या नर्सबाईंनी लिहिलेल्या पानाची नक्कल वकिलाकडून मागव.

त्यापलीकडे मला आत्ता ठामपणे काही म्हणता येत नाही. या आठवड्यात बरेच फोन आले आणि कामही अडलंय. तुला वाटेल मी विषय टाळते आहे, पण इथेही कातडीचंच दुखणं आहे. भ्रूणाभोवती एक पारदर्शक पडदा असतो, तो दोन बारीक चिमट्यांनी सोलून काढावा लागतो. हे काम आमच्याकडचे मदतनीस काका करायचे. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत आहेत. जानेवारीपासून शंभरातल्या तीसएक पिल्लांच्या अंगावर फोड दिसायला लागले. काकांचा उजवा हात हल्ली थोडा कापतो. मी वहीत "चिमट्याची इजा" असं लिहून ती पिल्लं बाजूला काढत गेले, आणि शेवटी सरांना सांगितलं. सरांनी काकांना काचसामान धुवायला बसवलं. आता सोलायचं काम मी करते. त्यात दिवस जातो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे.

धाकटी


१९ मार्च

आज वकीलबाईंनी समितीची फाइल दाखवली. पान सतरा. "आरोपी मातेच्या भगिनी, व्यवसाय संशोधक, यांच्याशी दूरध्वनीवरून झालेले संभाषण." तारीख नऊ मार्च.

बहीण रागीट आहे का? हो. तिच्या हातून कधी कुणाला इजा झाली आहे का? हो, लहानपणी मला तिच्या हातून इस्त्रीचा चटका बसला होता, कोपराजवळ व्रण आहे. व्रण केवढा? अडीच सेंटिमीटर.

अडीच सेंटिमीटर. मोजून सांगितलंस.

मी बारा वर्षांची होते. तुझाच शाळेचा फ्रॉक इस्त्री करत होते. तू मागून धावत आलीस आणि माझ्या हाताखालून घुसलीस. नंतर मी तुझा हात नळाखाली धरून बसले, तुझं रडणं थांबलं तरी माझं थांबेना, आणि तूच म्हणालीस, ताई, आता पाणी बंद कर, हात गार पडला. हे पान सतरावर नाही.

पंधरा तारखेच्या पत्रात तू लिहिलंस, बरेच फोन आले.

हे काल त्यांच्या भावाकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, "तुझी सख्खी बहीणच असं म्हणते तर मी काय धरून बसू?"

एक विचारते, मग लिहिणार नाही. त्या काकांचा हात कापतो म्हणून फोड आले, हे तू कशावरून ठरवलंस? त्यांना त्या कामावरून काढल्यावर फोड थांबले का? आणि त्यांना एकदा तरी विचारलंस का?


२३ मार्च

ताई,

पान सतरा खरं आहे. त्या बाईंनी जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. मी धावत आले हे त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. याला मी आजवर अचूकपणा म्हणत होते. आणखी एक, तेही लिहिते. सहा तारखेचे प्रश्न मी तुला विचारले तेव्हा मला माहिती हवी होती असं नाही. मला वाटलं होतं, पाणी गरम असेल. मुद्दाम नाही, पण तुझ्या हातून झालं असेल. त्यामुळेच मी आले नाही. अंडी हे निमित्त होतं.

समितीला मी काल रजिस्टरने पत्र पाठवलं. जबाब अपुरा होता असं लिहिलं आणि इस्त्रीची घटना सबंध लिहिली, नळासकट.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

फोड थांबले नाहीत. काका सोलत होते तेव्हा शंभरात एकतीस, मी सोलायला लागल्यावर शंभरात तेहेतीस. मी वहीत कारण लिहिलं, "नवा चिमटा, हात बसलेला नाही." त्यांच्या हातून झालं तर इजा, माझ्या हातून झालं तर चिमटा. तुझ्या डॉक्टरीणबाईंपेक्षा मी वेगळं काही केलं नाही.

काकांना मी आज विचारलं. ते बरण्या विसळत होते. न थांबता म्हणाले, "जानेवारीतच बोललो होतो मॅडम. सुई न टोचलेली साधी पिल्लं याच हातांनी सोलतो, त्यांना का येत नाही एकही फोड? तुम्ही म्हणालात, काका, नंतर बोलू."

मी खरंच तसं म्हटलं होतं.

म्हणून मी खराब पिल्लांचा डबा उघडला. आमच्याकडे टाकून काही देत नाहीत. इजा झालेली म्हणून बाजूला काढलेली सगळी पिल्लं द्रवात बुडवून ठेवलेली असतात, प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. त्यांच्यावर केलेला प्रयोग तुला समजावा म्हणून साधं लिहिते. अंडं फळलं की त्याचे पहिल्यांदा दोन भाग होतात. त्यातला एक भाग पिल्लाची एक बाजू होतो, दुसरा भाग दुसरी. आम्ही दोनपैकी एकाच भागात सुईने एक द्रव्य सोडतो, ते एका जनुकाला गप्प करतं. सोबत एक रंग असतो, तो निळ्या उजेडात चमकतो. म्हणजे एकाच पिल्लाच्या एका बाजूला ते जनुक गप्प, दुसऱ्या बाजूला बोलतं. खराब पिल्लं आम्ही साध्या उजेडातच बाजूला काढायचो, त्यामुळे निळ्या उजेडाखाली त्यांना कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

मी पाहिली. एकशे बारा पिल्लं. एकशे नऊ पिल्लांत फोड फक्त चमकणाऱ्या बाजूला. चिमट्याला बाजू कळत नाही, ताई.

ते जनुक कातडीच्या आतल्या थरात जागं होतं. फलनानंतर साधारण अठरा तासांनी रंग टाकून पाहिलं तर जांभळी रेघ दिसते, अगदी बारीक, आतल्या थराला लागून. वरची कातडी खालच्या पडद्याला टाचून धरणारे टाके तिथून तयार होतात. टाके नसतील तर दिसायला कातडी ठीक असते. नुसता हात लावला, पाणी हललं, की दोन थरांमध्ये पाणी भरतं.

यावरून टिल्लूला काय झालंय ते सिद्ध होत नाही. पण माणसांमध्येही असे आजार असतात, जन्मजात, आणि ते ओळखायची तपासणी आहे. ताज्या फोडाच्या कडेची कातडी घ्यायची आणि कोणत्या थराशी ती सुटते ते बघायचं. पहिला तुकडा बहुतेक फॉर्मालिनमध्ये ठेवला असेल. त्यावर ही तपासणी होत नाही. नवा तुकडा हवा, वेगळ्या द्रवात. त्या द्रवाचं नाव आणि तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचा पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. तुझी सही चालणार नाही, भाऊजींची लागेल.

शेवटचं, आणि नीट आठवून सांग. आपल्या घरात किंवा भाऊजींच्या घरात असं मूल कधी झालं होतं का? आपली सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोतावळ्यात होत आली आहे. आई-बाबाही नात्यातले, तू आणि भाऊजीही. त्यामुळे विचारते.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी पुन्हा लिहीन.

धाकटी


२७ मार्च

धाकटे,

होतं.

मी हे वकीलबाईंनाही सांगितलेलं नाही. समितीला कळलं असतं तर म्हणाले असते, जशी आई तशी लेक.

आपल्याला एक दादा होता. माझ्याआधीचा. बारा दिवस जगला. माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात बाबांनी मला सांगितलं आणि धाकटीला सांगू नकोस म्हणाले. आईने अंघोळ घातली आणि पोराच्या अंगावर फोड आले. शेजारपाजारच्यांनी पाण्यात हात घालून बघितला, पाणी तोवर निवलं होतं, तरी सगळे म्हणाले, कढत असणार. पहिलटकरीण, कळलं नसेल. तिला कुणी वाईट बोललं नाही म्हणे. सगळ्यांनी माफ केलं. ती माफीच तिला जन्मभर पुरली.

आठव, आईने आपल्याला कधी अंघोळ घातली? बाबा घालायचे. आपण म्हणायचो, बाबांना हौस आहे. आई भर थंडीतही हात थंड पाण्याने धुवायची. दुधाचा पेला आपल्या हातात देण्याआधी त्यात बोट घालून बघायची, मी मोठी झाल्यावर किती किळस करायचे त्याची. तुझ्या पत्रानंतर काल दिवसभर मी त्या बोटाचाच विचार करतेय.

ती गेली तेव्हा तिला एवढंच माहीत होतं की मूल तिच्या हातून गेलं. आणि ते खरं नसणार. तिला सांगायला आता कोणी नाही.

यांना मी फोन केला सहीसाठी. म्हणाले, "एकदा कापलंय पोराला, पुन्हा कापायला सही देणार नाही." मग म्हणाले, "आणि निघालं आमच्याच रक्तात, तर?" मी म्हटलं, निघालं तर निघालं, मी काय भांडी आपटणार आहे का? फोन ठेवला त्यांनी.

टिल्लूच्या हाताला आता पट्टी नाही, मऊ कापड बांधलंय. नर्सबाईंनी स्वतःच्या मनाने केलं. काचेतून तो झोपलेला दिसतो. मला झोपलेलाच दिसतो नेहमी. तो जागा कधी असतो ते मला माहीत नाही.

एकोणीस दिवस उरलेत. तुझा राग यायचा तो आलाय, जायचा तेव्हा जाईल. पण मला दुसरं कोणी नाही. यांना तू लिही.

ताई


३१ मार्च

भाऊजींना,

नमस्कार. आपलं फारसं बोलणं होत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

नऊ मार्चला मी समितीला जे सांगितलं त्यावर तुम्ही विश्वास ठेवलात. ते अपुरं होतं. दुरुस्तीच्या पत्राची नक्कल सोबत आहे.

तपासणीत आजार निघाला तर तो दोन्ही बाजूंनी आलेला असेल. एकट्या तुमच्याकडून किंवा एकट्या ताईकडून तो येत नाही. हे जनुक माझ्यातही असण्याची शक्यता आहे, तीनात दोन एवढी. मला ते असलं तर मला लाज वाटणार नाही. डोळ्यांचा रंग जसा येतो तसं ते येतं.

तुकडा चार मिलिमीटरचा असतो. जागा आधी बधिर करतात. जखम दहा-बारा दिवसांत भरते, टिल्लूला थोडा जास्त वेळ लागेल.

सही दिली नाहीत तर त्याच्यावर भाजल्याचे उपचार चालू राहतील. पट्ट्या लागतील, निघतील, आणि त्यांच्याबरोबर कातडी निघेल. तो कुणाच्याही घरी गेला तरी फोड येत राहतील, आणि मग त्या घरातल्या बाईलाही कुणीतरी विचारेल, पाणी कोण काढतं.

ताई बादलीत पाणी काढताना तुम्ही दारात उभं राहून बघत होतात असं तिने लिहिलं. मी दोन दिवसांच्या अंतरावर बसून तेच करत होते. मला परत फिरायला उशीर झाला. तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत.

धाकटी


८ एप्रिल

धाकटे,

पाच तारखेला सही झाली. त्याच दिवशी तुकडा काढला, तुझ्या कागदावरच्या द्रवात घातला आणि गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असली तपासणी आम्हाला रोज लागत नाही. मी म्हटलं, मलाही नाही.

यांनी तुझं पत्र खिशात ठेवलंय. म्हणाले, "तुझ्या बहिणीचं पत्र वाचताना वाटलं, मिक्सरबरोबर येणारी माहितीपुस्तिका वाचतोय. म्हणूनच पटलं. समजूत घालणारी बाई असती तर सही केली नसती." अजून भावाकडेच आहेत. पण चार वाजता काचेपाशी येतात आणि माझ्यापासून एक हात लांब उभे राहतात.

तुकडा काढला तेव्हा टिल्लू रडला. दार उघडं होतं. सदतीस दिवसांनी त्याचा आवाज ऐकला मी. आवाज बदललाय त्याचा. मोठा झालाय.

उत्तर पंधराच्या आत आलं नाही तर काय, हे वकीलबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला.

ताई


१५ एप्रिल

अहवाल तेरा तारखेला संध्याकाळी आला. समितीत डॉक्टरीणबाईंनी तो स्वतः वाचला. मला एकच ओळ कळली, "भाजल्यामुळे नव्हे." बाकीच्या अकरा ओळी वाचताना त्यांचा आवाज खाली गेला आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं सोडलं. शेवटी समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, मूल मातेकडे देण्यात यावं. सगळे उठले. माझं कुणी अभिनंदन केलं नाही, तेव्हाच मला शंका आली.

नक्कल पाठवतेय. उरलेल्या अकरा ओळी तू मला सांग. गोड करून सांगू नकोस, तुला ते जमणारही नाही.

वीस तारखेला तो घरी येईल. त्याला उचलायचं कसं?

ताई


१८ एप्रिल

प्रिय ताई,

हे स्पीड पोस्टने पाठवते आहे, वीसच्या आत मिळावं म्हणून.

अकरा ओळींचा अर्थ असा. कातडी सर्वांत खोल जागी सुटते, खालच्या पडद्याच्याही खाली. या आजाराचे जे प्रकार आहेत त्यांत हा जड आहे. तो बरा होत नाही. आज त्यावर बरं करणारं औषध नाही. फोड येत राहतील, घासलं की, दाबलं की. काही तोंडात आणि घशातही येतील. भरताना व्रण राहतील. बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ती सुरुवातीपासून वेगळी बांधावी लागतील. किती वर्षं, ते मी लिहीत नाही, कारण ते कुणालाच माहीत नाही. मी हे तीन ठिकाणी तपासलं, कुठेतरी वेगळं सापडेल म्हणून. सापडलं नाही.

उचलायचं कसं, ते मी काकांना विचारलं. ते पुन्हा त्यांच्या टेबलावर आहेत. मी सरांसमोर आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती. काका म्हणाले, "बरं. आता तो चिमटा द्या इकडे, तुम्ही टोक वाकवलंय."

सोललेलं पिल्लू आम्ही धरत नाही. रुंद तोंडाच्या नळीने आजूबाजूच्या पाण्यासकट उचलतो. काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, पिल्लू उचलायचं नाही, त्याच्याखालचं पाणी उचलायचं. टिल्लूच्या बाबतीतही तसंच कर. काखेत हात घालून कधीही उचलू नकोस. तो मऊ दुलईवर निजलेला असू दे आणि दुलईसकट उचल. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, आणि हात सरकवायचे नाहीत. सरकवलं की घासतं. तळवा सपाट ठेवून दाबून धरलं तर चालतं, ओढलं की कातडी सुटते. कपडे उलटे घाल, शिवण बाहेर. चिकटपट्टी घरात ठेवूसुद्धा नकोस.

फोड आला तर तो मोठा होऊ देऊ नकोस. थांबलीस तर पाणी पसरतं आणि आणखी कातडी सुटते. उकळलेल्या सुईने कडेला टोचायचं, दोन जागी, पाणी जाऊ द्यायचं, वरची साल काढायची नाही. हे रोज करावं लागेल.

आईबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या खोडल्या. पण डब्यातल्या एकशे बारा पिल्लांच्या चिठ्ठ्या मी बदलल्या आहेत. "चिमट्याची इजा" हे सगळ्या बाटल्यांतून काढलं. एवढंच मला करता आलं.

धाकटी


२३ एप्रिल

प्रिय बेडूकबाई,

पत्र एकोणीसला संध्याकाळी पोचलं. मी ते भिंतीला लावलंय, टाचणीने, चिकटपट्टी घरात नाही म्हणून.

वीस तारखेला नर्सबाईंनी त्याला दुलईसकट माझ्या हातांवर ठेवलं. एक हात मानेखाली, एक खाली. सरकवला नाही. तो जागा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि मग जांभई दिली. हे शेजारी उभे होते. घरी आलेत, बॅग अजून उघडलेली नाही.

दोन दिवस मी त्याला फक्त दुलईतून उचललं. काल दूध पिताना त्याला ठसका लागला, तोंड निळं पडलं, आणि मी सगळं विसरले. काखेत हात घालून उचललं त्याला. ठसका गेला. संध्याकाळी बघितलं तर पाठीवर चार फोड, ओळीने, आणि समोर काखेखाली एक. माझी चार बोटं आणि अंगठा. मी माझा हात त्यावर धरून बघितला, लांबून. माप अगदी बरोबर आहे.

समितीच्या बायका आत्ता आल्या असत्या तर मी काय सांगितलं असतं? हो, माझ्याच हातांनी.

रडून झालंय. यांचंही झालंय, मोरीत जाऊन.

सुई उकळून ठेवलीय. मी तीनदा हातात घेतली. यांनी एकदा घेतली, मग म्हणाले, भाकरी करतो मी, तू हे कर. फोड सकाळपेक्षा मोठे झाले, तू लिहिलं होतंस तसंच. शेवटी शेजारच्या कंपाउंडरबाईंना बोलावलं, त्यांनी आजचे टोचले. त्या रोज येणार नाहीत. आणि हे रोज करायचंय.

माझा हात थरथरतो. यांचा थरथरतो. या घरात तुझ्याशिवाय कुणाचा हात स्थिर नाही, आणि हे मी इतकी वर्षं तुला टोमणा म्हणून ऐकवत आले.

मंगळवारी अंडी येत असतील तर काका घेतील. तू ये.

तुझी
ताई